ओळीच्या शेवटचं न दिसणारं अक्षर

वाटणी झाली तेव्हा मी तिसरीत होते. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, म्हणजे कोणी कोणाला फसवलं असं म्हणता येत नाही. विहिरीकडचं काळं रान काकाच्या चिठ्ठीत निघालं आणि नाल्यापलीकडचं अडीच एकर खडकाळ बरड आमच्या. चिठ्ठीनं गेलं म्हणून ते कमी गेलं असं मात्र मला कधी वाटलं नाही.

माय नाल्यात झिरा खोदून तिथलं पाणी डोक्यावर आणायची आणि चार वाफे वांगी, दोन वाफे मेथी जगवायची. आठवड्यातून एकदा ती मेडशीच्या फाट्यावरून भाजीचं गाठोडं घेऊन एसटीत बसायची. कंडक्टर चांगला भेटला तर गाठोडं आत, नाही तर ती आणि गाठोडं दोघंही पुढच्या गाडीची वाट पाहत फाट्यावरच. बाबा चौथी शिकलेले. स्वतःचं वावर आटोपलं की ते काकाच्या वावरात रोजानं जायचे. सख्ख्या भावाच्या वावरात. मला ते दिसायचं.

काकाची पोरगी माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. आम्ही एकाच अंगणात रांगलो. वाटणीनंतर ती वाशीमच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जायला लागली आणि मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिले. बारावीनंतर ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, मी वाशीमच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरला. ती सुट्टीत यायची तेव्हा 'मले' जाऊन 'मला' आलेलं असायचं, आणि खांद्याला लॅपटॉप. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू, वाटतो. लिहायलाच बसले आहे तर खोटं कशाला लिहू.

आता यादीची गोष्ट.

सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं की त्याची वावरात गंजी लावतात आणि मळणीयंत्राची वाट पाहतात. आमच्याकडं त्या यंत्राला हडंबा म्हणतात. पूर्वी हडंबा बाहेरगावचा यायचा आणि ज्याचं वावर मोठं, ज्याची वाट चांगली, त्याच्याकडं आधी जायचा. नाला ओलांडून आमच्याकडं यायला त्याला शेवटचा दिवस उजाडायचा. लागोपाठ दोन वर्षं आमची गंजी पावसात भिजली. ताडपत्री होती, पण खालून ओल चढली. दुसऱ्या वर्षी बाबांनी गंजीत हात घालून मूठभर शेंगा बाहेर काढल्या, तर दाण्यांना पांढरे कोंब. बाबा ती मूठ घेऊन तसेच बांधावर बसून राहिले.

पुढं गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून स्वतःचा हडंबा घेतला. मग प्रश्न आला, नंबर कोणी लावायचे? सगळ्यांनी बाबांचं नाव घेतलं. "ज्याचं भिजलं त्यालेच कळते," असं एक म्हातारा म्हणाला आणि ते ठरलं. तेव्हापासून एका दोनशे पानी वहीत बाबा नंबर लिहायचे. कोणाचं सोंगून झालं, कोणाचं व्हायचं आहे, कोणाचं वावर कोणाच्या वाटेवर आहे, सगळं बघून. एक नियम कोणी न सांगता पाळला जायचा. नंबर लावणाऱ्याचं नाव शेवटी. पंगतीत जो वाढतो तो शेवटी जेवतो, तसं. बाबांनी तो नियम एकदाही मोडला नाही. आमच्याकडं काही नव्हतं, पण त्या वहीमुळं बाबांना चावडीवर बसायला जागा मिळायची. काकासुद्धा त्या पंधरा दिवसांत बाबांशी नीट बोलायचा.

माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता. मुलींनी ग्रंथालयाचा, हॉस्टेलचा असले प्रोजेक्ट घेतले. मी म्हटलं, मी हडंब्याची यादी करते. आम्हाला सी शिकवलेलं होतं आणि मला सी येत होतं. चांगलं येत होतं, हे मी आज लाजून सांगणार नाही. प्रोग्राम साधा होता. एका फाईलमध्ये ओळीमागून ओळ लिहायची: नाव, वावर, एकर, आणि शेवटी सोंगून तयार असेल तर Y, नसेल तर N. मध्ये स्वल्पविराम. प्रोग्राम एकेक ओळ वाचतो, स्वल्पविरामावर तोडतो, शेवटचा तुकडा Y असेल तर ते नाव वर 'तयार' मध्ये टाकतो, नाही तर खाली 'थांबा' मध्ये. वरच्यांचे नंबर वावरावरून वाटेप्रमाणे, फक्त फाईलमधलं शेवटचं नाव यादीतही शेवटी. मी कॉलेजच्या लॅबमध्ये दहा खोटी नावं टाईप करून तो चालवून पाहिला होता. अचूक चालला.

दसऱ्याच्या आधी काकाची पोरगी गावी आली. चावडीवर बाबा वही घेऊन बसले होते, मी बाजूला उभी राहून सांगत होते की यंदा यादी कॉम्प्युटरवर काढू. काका मध्येच म्हणाला, "त्याले कायले वाशीमले जा लागते? माही पोट्टी पाच मिंटात काढून देते. लॅपटॉप हाय ना घरी."

माझ्या अंगाचा भडका उडाला. पण गोष्ट खरी होती की गावात टाईप करायला दुसरं काही नव्हतं. शेवटी असं ठरलं की नावं ती टाईप करेल आणि माझ्या प्रोग्राममधून यादी मी काढेन.

काकाच्या ओसरीवर बाबा वही उघडून बसले आणि एकेक नाव सांगू लागले. ती पटापट टाईप करत होती. तिची बोटं बघून मी ठरवलं की आपणही असंच टाईप करायचं, आणि तेवढ्यातच हेही ठरवलं की हे तिला कळू द्यायचं नाही. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आमचं नाव सांगितलं.

"झालं ना काका?" तिनं विचारलं. ती माझ्या बाबांना काका म्हणते, मी तिच्या बाबांना.

"झालं माय. आमच्या मांगं कोणी नाही."

आमच्या ओळीचा Y दाबून तिनं फाईल सेव्ह केली आणि पेन ड्राईव्ह माझ्या हातात दिला. "ताई, काही अडलं तर फोन कर हं."

अडलं तर! मी मनात म्हटलं, तू फोन करशील मला.

दुसऱ्या दिवशी लॅबला टाळं लावायच्या वेळेला माझा नंबर लागला. प्रोग्राम चालवला, कागद निघाला. पानभर नावं. आमच्या गावातली खरी नावं मशीनमधून छापून निघालेली मी पहिल्यांदा पाहत होते. सगळ्यात वर मी माझं स्वतःचं नाव टाकलं होतं, मोठ्या अक्षरात, यादी तयार करणार म्हणून. मी तेवढंच पाहिलं. शपथेवर सांगते, तेवढंच. कागदाची घडी केली आणि गाडी पकडायला पळाले.

सकाळी मी तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवला. नावं इंग्रजी अक्षरांत होती, म्हणून हडंब्याच्या ड्रायव्हरनं मोठ्यानं वाचायला घेतलं. तो गावचाच, तोंडाचा फाटका. माझं नाव वाचून झाल्यावर तो थांबला.

"तयार. एक नंबर..." त्यानं बाबांचं नाव वाचलं. मग खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "दोन नंबर नाहीच ना बा."

"नाही कसा? खाली वाच ना."

"खाली सारे थांबा. तुमी थांबा, मी थांबा, पाटील थांबा. आख्ख्या गावात एकच माणूस तयार हाय."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. ज्याच्या गंज्या चार दिवसांपासून उभ्या होत्या असा एक शेजारी बाबांकडं वळला. "काय बा, यंदा वाढणाराच पयले जेवाले बसला का?"

"पोट्टी शिकली ना त्याईची," दुसरा म्हणाला. "शिकून काय, घरचंच ताट वाढून घेतलं."

"कॉम्प्युटरच म्हणते तं खरं असन गा."

बाबा पुढं झाले. कागदाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, पाहून त्यांना वाचता आलं नसतं. ते म्हणाले, "माह्यं सोयाबीन शेवटीच निघन. ड्रायव्हर, तू वहीनं चाल." आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. पण तिच्यात यंदाचे नंबर लावलेलेच नव्हते. नुसती नावं होती, कारण नंबर मी लावणार होते. हडंबा दुपारपर्यंत ग्रामपंचायतीसमोर उभा राहिला आणि माणसं भोवती भांडत राहिली. शेवटी जवळच्या दोन वावरांत तो अंदाजानं नेला. त्यादरम्यान काका सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, आता राहू दे. हे वही-बिही आमच्याकडं दे. पोट्टी दसऱ्यापर्यंत घरीच हाय." तीन-चार जणांनी माना हलवल्या. उद्या सकाळी ठरवू, असं ठरलं.

म्हणजे माझ्याकडं एक दिवस होता. नाही तर बाबांच्या हातून वही जाणार होती, आणि ती कोणाकडं जाणार होती तेही मला माहीत होतं.

मी घरी गेलेच नाही. सरळ काकाच्या ओसरीवर गेले. ती पायरीवर बसून केस विंचरत होती.

"तू काय केलं फाईलमदी?"

"म्हणजे?"

"मले येडी समजू नको. माह्या बापाले सोडून साऱ्याईच्या ओळीत तू कायतरी घातलं."

तिचा कंगवा केसातच राहिला. "ताई, मी फक्त टाईप केलं गं. काका सांगत होते, तू समोर होतीस."

"मंग एकट्या आमचंच नाव कसं वर आलं?"

"आण तुझा प्रोग्राम. इथं चालवून बघू."

तिच्या लॅपटॉपवर सी होतं. मी पेन ड्राईव्हवरून माझा प्रोग्राम दिला, तिनं तीच फाईल त्याला लावली. आणि पडद्यावर यादी आली. अचूक. तयार मध्ये एकोणीस नावं, वाटेप्रमाणे नंबर, आमचं नाव शेवटी. माझाच प्रोग्राम, तिच्याकडं शहाण्यासारखा वागला आणि माझ्याकडं त्यानं मला तोंडघशी पाडलं. माणसांचं समजू शकते, पण मी स्वतः लिहिलेला प्रोग्रामसुद्धा तिच्याच घरी चांगला चालावा?

आतून काकू म्हणाली, "काय झालं व? काहून भांडून राह्यल्या?"

"काही नाही गं आई." मग ती मला हळूच म्हणाली, "ताई, तुझा प्रोग्राम बरोबरच आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटरचं काही असेल. जाऊ दे ना, मी इथून काढून देते यादी. नाव तुझंच टाकू."

तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पेन ड्राईव्ह ओढून काढला आणि फाट्याकडं चालायला लागले. वाशीमची गाडी पाऊण तासानं आली. तो पाऊण तास मी तिला मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लॅब उघडी होती. फाईल उघडली. डोळ्यांनी पाहिलं तर एकेक ओळ स्वच्छ. Y म्हणजे Y. मग मी एक केलं. शेवटचा तुकडा नेमका काय आहे हे बघायला तो चौकटी कंसात छापला: आधी उघडणारा कंस, मग तुकडा, मग बंद होणारा कंस. [Y] असं यायला हवं होतं.

आलं काय, तर ]Y.

प्रत्येक ओळीला तसंच. बंद होणारा कंस उडी मारून ओळीच्या सुरुवातीला येऊन बसलेला, उघडणाऱ्या कंसाच्या डोक्यावर. फक्त सगळ्यात शेवटी, आमच्या ओळीला, सरळ [Y].

मी पुन्हा चालवून पाहिलं, तेच. आमच्या लॅबचे अटेंडंट पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. ते मागून येऊन थांबले आणि म्हणाले, "कॅरेज मांगं येऊन राह्यलं ना हे."

"कोणतं कॅरेज?"

"टायपिंगच्या मशीनचं. ओळ संपली की दोन कामं असतात. दांडी ढकलून कॅरेज मांगं न्या लागते, आन कागद एक ओळ वर सरकवा लागते. हे नुसतं मांगं येऊन राह्यलं."

बाकीचं मग पुस्तकातून कळलं. पुस्तकात होतंच, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या लॅपटॉपवर विंडोज. तिथं एंटर दाबलं की फाईलमध्ये दोन अक्षरं पडतात, आधी \r, मग \n. पहिलं कॅरेज मागं नेणारं, दुसरं कागद सरकवणारं. विंडोजवर सी फाईल वाचते तेव्हा त्या दोघांचं एक करून देते, म्हणून तिच्याकडं प्रोग्राम चालला. आमच्या लॅबमध्ये जुनी मशीनं, त्यांच्यावर लिनक्स. लिनक्सची ओळ नुसत्या \n वर संपते आणि ते कोणाचंही काही गाळून देत नाही. मी ओळीच्या शेवटचं \n तेवढं खोडत होते. त्याच्या आधीचं \r, जे डोळ्यांना दिसत नाही, ते Y ला चिकटून राहत होतं. आणि प्रोग्रामच्या लेखी Y वेगळा आणि शेपूट चिकटलेला Y वेगळा. म्हणून सगळं गाव थांबा मध्ये.

आणि आमचं नाव? आमच्यामागं कोणी नव्हतं. शेवटच्या ओळीनंतर तिनं एंटर दाबलंच नव्हतं, दाबायचं कारणच नव्हतं. तेवढ्या एका ओळीला शेपूट नव्हतं. बाबांनी नियम पाळून नाव शेवटी सांगितलं, म्हणून ते पहिलं आलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. \r किंवा \n, जे आधी भेटेल तिथं ओळ कापायची. दोन्ही नसतील तर आहे तशी घ्यायची. मी ती केली, यादी छापली, आणि या वेळी सगळी नावं बोट ठेवून वाचली. वरचं माझं नाव काढून टाकलं.

घरी आले तेव्हा माय चुलीपाशी होती आणि बाबा तिच्यासमोर पाटावर बसले होते. मी सांगितलं, "बाबा, प्रत्येकाच्या नावामांगं एक न दिसणारं अक्षर चिकटलं होतं. आपलं नाव शेवटी म्हणून त्याले चिकटलं नाही."

"मंग चूक कोणाची? त्या पोरीची?"

मला हो म्हणता आलं असतं. बाबांना काय कळणार होतं? माझ्या जिभेवर आलंही होतं.

"नाही. माही. मले ते अक्षर काढा लागत होतं."

"मंग सकाळी तसंच सांग," बाबा म्हणाले आणि ताटाकडं वळले.

सकाळी मी ग्रामपंचायतीसमोर उभी राहिले. आवाज मोठा ठेवला. म्हटलं, "चूक माही आहे. बाबांनं नाव शेवटीच सांगितलं होतं, फाईलमदी शेवटीच आहे, ज्याले पाहाचं त्यानं पाहा. माह्या प्रोग्रामनं उलटं केलं." ड्रायव्हरनं नवा कागद वाचायला घेतला. एक नंबर, दोन नंबर, त्या दोघांचं कालच निघालं होतं, मग तीन. शेजाऱ्याचं नाव चौथं आलं तशी त्याची मान खाली गेली. एकोणिसावं नाव बाबांचं.

"हे झाली यादी," ड्रायव्हर म्हणाला. "कालचा कागद बकरीले टाका."

गटातले म्हातारे काकाला म्हणाले, "वही राहू दे त्याच्याकडंच. ज्याची पोट्टी चूक झाली म्हणून सांगते, त्याच्या घरी राहू दे." काका वावराकडं चालायला लागला.

त्याची पोरगी पाठीमागं उभी होती. तिच्याशी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "काल जे बोलली ते चुकलं माह्यं." आणि मग तिला \r आणि \n सगळं समजावून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मला हे माहीतच नव्हतं गं ताई. आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मी तोंड दुसरीकडं फिरवलं. हेवा गेला असं नाही. तिचा लॅपटॉप तिच्याच खांद्याला होता आणि दसऱ्यानंतर पुण्याला तीच जाणार होती. पण एक गोष्ट मला येत होती जी तिला येत नव्हती, आणि ती मी तिच्याच फाईलमधून शिकले होते. तिनं वाईट वाटून घेतलं नाही, याचाही मला थोडा रागच आला.

उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. त्यांनी विचारलं, "फाईल दुसऱ्या मशीनवरून आली तर?" मी म्हटलं, "सर, आलीच होती," आणि सगळं सांगितलं. त्यांनी मार्क लिहायला घेतले.

मी पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हडंब्याची यादी आजही बाबाच सांगतात, आणि ती माझ्या प्रोग्राममधून निघते.